मैदानाबाहेरचे कर्णधार

बदलापुराहून सकाळीं मुंबईकडे निघणाऱ्या गाडीनें ज्यानें चार दिवस प्रवास केला असेल, त्याला भारताचा क्रिकेटचा संघ कोणीं निवडावा याविषयीं शंका उरण्याचें कारण नाहीं. तो त्या डब्यांतील मंडळींनींच निवडावा. बोरीबंदरापर्यंतचें अंतर सुमारें ६८ किलोमीटर. अंबरनाथास डबा भरतो, उल्हासनगरास पाय ठेवण्यास जागा उरत नाहीं, आणि कल्याण येईपर्यंत आदल्या दिवशीं हरलेल्या सामन्याचा पंचनामा पुरा झालेला असतो. अमक्याला कां वगळलें, तमक्याची वर्णी कोणाच्या वशिल्यानें लागली, नाणेफेक जिंकूनही फलंदाजी न घेण्याची बुद्धि कर्णधारास कोणत्या ग्रहानें दिली, प्रशिक्षक म्हणून नेमलेले गृहस्थ पगार कशाचा घेतात, या सर्व प्रश्नांचा निकाल ठाणें यावयाच्या आंत लागतो. आणि तो फिरविण्याचा अधिकार कोणत्याही निवड समितीस नसतो. आम्ही स्वतः या न्यायालयाचे जुने सभासद आहों, हें येथें कबूल करून ठेवलेलें बरें.

घोडे बदलण्याचें ठाणें म्हणून या गांवाला बदलापूर म्हणूं लागले, अशी एक लोकसमजूत आहे. तिला ऐतिहासिक आधार किती, हा प्रश्न वेगळा. परंतु कर्णधार बदलण्याचा हक्क येथील उतारूंनीं वतनासारखा चालविला आहे, यांत संशय नाहीं.

कांहीं महिन्यांपूर्वींची गोष्ट. अंबरनाथच्या आयुधनिर्माणींत उभी हयात घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या शेजारीं बसले होते. उल्हासनगरास एक वयोवृद्ध सिंधी व्यापारी चढले; कोणीं तरी उठून त्यांस जागा करून दिली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत येऊन पडलेल्या, आणि १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालेल्या वसाहतींत वाढलेल्या पिढीचे ते. बोलणें निघालें तें सलामीच्या जोडीवरून. ‘भारताच्या पहिल्या कसोटींत सलामीला आमच्या कराचीचा नाऊमल होता,’ असें सिंधी गृहस्थ म्हणाले मात्र, तोंच आमचे शेजारी उत्तरले, ‘आणि पहिला चेंडू खेळला तो आमचा पुण्याचा जनार्दन नवले!’ दोन्ही विधानें खरीं आहेत. २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्‌सच्या मैदानावर सुरू झालेल्या त्या सामन्यांत एक सिंधी आणि एक मराठी अशी जोडीच प्रथम फलंदाजीस उतरली होती. त्या डावांत नाऊमल जाऊमल यांनीं ३३ आणि नवले यांनीं १२ धांवा केल्या. पुढें नवले यांच्या वाट्यास आणखी एकच कसोटी आली, नाऊमल यांच्या वाट्यास दोन. मग समितीनें अधिक अन्याय कोणावर केला, यावर त्या दोघांत असा वाद जुंपला कीं, ज्या दोन खेळाडूंना त्यांनीं कधीं खेळतांना पाहिलेंही नव्हतें, ते जणूं उद्यांच्या सामन्यांतून वगळले गेले आहेत.

नव्वद वर्षांपूर्वींच्या समितीला असा जाब विचारला जात असतां आम्हांस त्याहूनही जुन्या एका खटल्याची आठवण झाली. मराठी मुलखांत संघाच्या निवडीवरून आजवर जे वाद झाले, त्यांत त्याच्या तोलाचा दुसरा आम्हांस दिसत नाहीं. त्यांतील माणसेंही याच लोहमार्गानें पुण्याहून मुंबईस आलीं. कल्याणहून अंबरनाथ-बदलापुरावरून जाणारा रस्ता १८५६ सालीं खोपोलीपर्यंत सुरू झाला, आणि १८६३ सालीं बोरघाट खुला झाल्यावर पुण्या-मुंबईची सारी जा-ये त्यावरून होऊं लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वाटेनें जे हजारों लोक पोटासाठीं मुंबईस उतरले, त्यांत बाळू पालवणकर नांवाचा एक डावखुरा गोलंदाज होता.

पालवणकर हें घराणें चांभाराचें. आडनांव कोंकणांतील पालवण या गांवावरून पडलेलें. वडील पलटणीच्या नोकरींत असल्यामुळें कुटुंब पुण्यास राहिलें, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर मुलें खेळूं लागलीं. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्लबांत होती. खेळपट्टी झाडावी, तिच्यावर रूळ फिरवावा, आणि महिन्याच्या शेवटीं तीन रुपये घ्यावे. पुढें १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या लोकांच्या पूना जिमखान्यांत चार रुपयांवर लागले. तेथें पट्टी आंखणें, जाळीं बांधणें या कामांच्या जोडीला साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकण्याचें काम आलें, आणि त्यांत या मुलाच्या बोटांतील कसब साहेबांच्या ध्यानांत आलें. त्या वेळचा इकडील सर्वोत्तम इंग्रज फलंदाज म्हणजे कॅप्टन ग्रेग. तो तासन्‌तास बाळूंची गोलंदाजी खेळे. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा नसो, एवढें मात्र निश्चित कीं, इतकीं वर्षें साहेबांना चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हातीं त्या जिमखान्यांत बॅट कोणीं दिली नाहीं. फलंदाजी हा मालकाचा खेळ आणि गोलंदाजी ही नोकराची मेहनत, असा त्या काळचा हिशेब होता.

पुण्याच्या हिंदु क्लबाला साहेबांशीं सामने खेळावयाचे होते, आणि साहेबांना रोज सकाळीं चकविणारा गोलंदाज त्यांच्याच गांवांत हजर होता. त्याला घ्यावें कीं घेऊं नये? क्लबांतील तेलुगू सभासद ‘घ्यावें’ म्हणत. बऱ्याच मराठी ब्राह्मण सभासदांचें मन कचरत होतें. शेवटीं ग्रेगनेंच, असा गोलंदाज दवडणें हा हिंदूंचा मूर्खपणा होईल, असें जाहीर रीतीनें सुचविलें. परक्यानें केलेली ही टीका खरी होती, आणि ती परक्यानें करावी लागली हें आमच्या लोकांस भूषणास्पद नव्हतें. बाळू संघांत आले. मैदानावर ज्या चेंडूला बाळूंचा हात लागे, त्याच चेंडूला ब्राह्मणांचाही लागे. तेथें विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली कीं मात्र मंडळी तंबूंत बसत, आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. तोंड धुण्यास पाणी हवें असल्यास तें त्यांच्याच समाजांतला एखादा नोकर आणून देई. पुढें विजय मिळूं लागले, तेव्हां या गोष्टीची लाज कांहीं जणांस वाटूं लागली. ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कां असावी, असा प्रश्न न्यायमूर्ति रानडे यांनीं पुणेकरांस केल्याची हकीकत नमूद आहे. पुण्यांतील त्या मातीच्या भांड्याकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. पंचवीस वर्षांनंतर मुंबईंत जो गोंधळ झाला, त्याचें मूळ त्यांतच आहे.

मुंबईंत क्रिकेट हा त्या काळीं निराळाच संसार होता. प्रत्येक धर्माचा जिमखाना वेगळा. पारशांनीं आघाडी मारली. १८९४ सालीं समुद्रकांठीं हिंदु जिमखाना उभा राहिला. १९०७ सालीं हिंदु, पारशी आणि युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ सालीं मुसलमान संघ आला आणि ते चौरंगी झाले. धर्मावरून संघ पाडण्याची ही रीति वाईट होती, आणि १९४६ नंतर ती बंद पडली हें योग्यच झालें. तथापि या सामन्यांनीं एक नवी जात जन्माला घातली, तिचा उल्लेख कोणी करीत नाहीं. ती म्हणजे प्रेक्षकांची. कचेरींतला कारकून, गिरणींतला जॉबर, कॉलेजांतला विद्यार्थी, भुलेश्वरचा दुकानदार, हे सारे मैदानाच्या कडेला खांद्याला खांदा लावून उभे राहूं लागले. ज्यांस जागा मिळेना, ते झाडांवर चढले. घरीं परतल्यावर दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत धांवफलक छापलेला असे. कोणीं किती धांवा केल्या, कोणीं किती गडी बाद केले, हें ज्याला अक्षरओळख आहे त्याला पडताळून पाहतां येऊं लागलें. सरकारचा कारभार, संस्थानिकांचा खजिना, मोठ्या घरचीं लग्नें यांविषयीं सामान्य माणसास कुजबुजच करतां येई. येथें मात्र पुरावा त्याच्या हातांत होता. धांवफलकास धर्माचा मथळा असे, परंतु त्यांत जातीचा रकाना नव्हता.

आणि त्या फलकावर बाळूंचें नांव वारंवार दिसूं लागलें. फेब्रुवारी १९०६ मध्यें हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला: हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. या विजयाचा आनंद केवळ खेळाचा नव्हता, हें सांगावयास नकोच. आणि त्या विजयांत बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम या दोघांचाही हात होता. पुढें विठ्ठल आणि गणपत हेही आले. चौघे भाऊ हिंदु संघांतून खेळले.

१९११ सालीं हिंदी संघ विलायतेस गेला. कर्णधार कोण? तर पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षें १९. महाराज थोडेच सामने खेळले. त्यांचे इतर कार्यक्रम पुष्कळ होते. संघ एकूण २३ सामने खेळला, त्यांपैकीं १५ हरला आणि ६ जिंकला. या पडझडींत बाळूंनीं ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४. या वेळीं त्यांचें वय पस्तिशीच्या घरांत आलेलें, खांदा दुखावलेला. हें वाचून मुंबईच्या कट्ट्यावरील कारकुनानें काय हिशेब केला असेल, तो वाचकांस सांगण्याची जरुरी नाहीं. कर्णधार एक आणि काम दुसऱ्याचें, हा हिशेब त्याला आपल्या कचेरींत रोज पाहावा लागतच होता.

यानंतर दरवर्षीं चौरंगी सामने जवळ आले कीं तोच प्रश्न निघूं लागला. हिंदूंचा सर्वांत अनुभवी खेळाडू कर्णधार कां होत नाहीं? जिमखान्याच्या समितीकडे याचें उघड उत्तर नव्हतें. असतें तर तिनें तें दिलें असतें. १९१३ सालीं एम. डी. पै कर्णधार झाले. पै मोठ्या मनाचे खरे. त्यांच्या सत्कारार्थ भरलेल्या समारंभांतच त्यांनीं सांगून टाकलें कीं, हा मान आपले मित्र बाळू यांस मिळावयास हवा होता, कारण वडीलकी आणि अनुभव या दोन्हींत ते श्रेष्ठ. समितीनें ज्याची निवड केली, त्यानेंच समितीचा निर्णय चुकीचा ठरविला, असा प्रसंग क्रीडेच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. समितीनें तें ऐकलें, आणि पुढील वर्षीं पुन्हां बाळूंस वगळून कर्णधार नेमला.

असें कां व्हावें? समितींतील माणसें दुष्ट होतीं, असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांना विजय नको होता, असेंही नाहीं. त्यासाठींच तर त्यांनीं पालवणकर बंधूंना वर्षानुवर्षें संघांत ठेवलें. परंतु कर्णधार ही वस्तु गोलंदाजाहून वेगळी. गोलंदाज चेंडू टाकतो आणि सीमेकडे जातो. कर्णधार हुकूम देतो, आणि ब्राह्मण, प्रभु, गुजराती वाणी यांनीं तो ऐकावा लागतो. सामन्यानंतर मेजवानी झाली तर कर्णधार मधल्या खुर्चीवर बसतो. गव्हर्नर आले तर त्यांच्याशीं हस्तांदोलन तो करतो. म्हणजे पुण्याच्या तंबूबाहेर जो प्रश्न मातीच्या भांड्याचा होता, तोच मुंबईस येऊन खुर्चीचा झाला होता. हें उघड म्हणण्याचें धैर्य कोणास नसल्यामुळें शिक्षण, इंग्रजी संभाषण, सामाजिक दर्जा असे शब्द पुढें करण्यांत आले. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसास त्या मेजवानीचें आमंत्रण नव्हतें; म्हणून त्याला खुर्ची दिसत नव्हती, चेंडू तेवढा दिसत होता. आमचें मत असें आहे कीं, त्याचा निर्णय समितीहून सरस ठरला याचें कारण त्याची विद्वत्ता नसून हें आमंत्रण नसणेंच होय.

१९२० सालीं प्रकरण टोकास गेलें. मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्यास पै आजारामुळें खेळूं शकत नव्हते. समितीनें बाळूंना संघांतूनच वगळलें, आणि कर्णधारपद दि. ब. देवधर यांस दिलें. देवधर पुण्याचे, संस्कृतचे पदवीधर, आणि पहिल्या प्रतीचे फलंदाज; पुढें महाराष्ट्र संघाचे ते पितामह झाले आणि वयाच्या ४८ व्या वर्षीं त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा केल्या. त्यांच्या योग्यतेविषयीं कोणासही शंका नव्हती आणि आज तर नाहींच. परंतु चौरंगी सामन्यांत विठ्ठल व शिवराम हे त्यांच्याहून जुने, आणि बाळू तर सर्वांहून जुने. पारशांविरुद्ध शेवटचा सामना जवळ आला तेव्हां विठ्ठल आणि शिवराम यांनीं संघांतून आपलीं नांवें मागें घेतलीं, आणि आपलें म्हणणें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केलें. कर्णधार निवडतांना खेळ बाजूस ठेवून जात आणि सामाजिक दर्जा यांना मान दिला जातो, हा त्यांचा आरोप होता. आणि आपल्या स्वाभिमानास हें सहन होत नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट केलें.

इतकीं वर्षें प्रेक्षक जें झाडांवरून ओरडत होते, तें आतां खेळाडूंनीं छापून सांगितलें. समितीची पंचाईत झाली. देशांतलें वारेंही बदललें होतें. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपुरास भरलेल्या काँग्रेसनें असहकाराच्या ठरावांत अस्पृश्यता नाहींशी करण्याचें आवाहन केलें होतें. स्वराज्य मागणाऱ्या हिंदूंनीं आपल्या सर्वोत्तम खेळाडूस खुर्ची नाकारावी, ही विसंगति लपण्यासारखी नव्हती. अखेर तडजोड झाली. पै पुन्हां कर्णधार, बाळू संघांत आणि उपकर्णधार. दोघे भाऊ परत आले. सामन्यांत पै कांहीं वेळ मैदान सोडून गेले, आणि तेवढा वेळ हिंदु संघाचें नेतृत्व बाळूंनीं केलें. पै मुद्दाम बाहेर गेले, असें त्या वेळीं मानलें गेलें, आणि त्यांचा १९१३ सालचा स्वभाव पाहतां तें खरें मानण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. वीस वर्षांच्या सेवेनंतर मिळालेलें तें तात्पुरतें राज्य! सामना अनिर्णीत राहिला आणि विजयाचा मान दोन्ही संघांत वांटला गेला. बाळूंचें वय आतां झालें होतें. हिंदूंचें कर्णधारपद त्यांस रीतसर असें कधींच मिळालें नाहीं.

१९२१ गेलें, १९२२ गेलें. १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले. त्या वर्षीं हिंदूंनीं युरोपियनांस हरवून चौरंगी सामने जिंकले, आणि लोकांनीं विठ्ठल यांस खांद्यावर घेतलें. ते खांदे कोणकोणत्या जातींचे होते, हें त्या गर्दींत पाहण्यास कोणास सवड नव्हती. १९२५ आणि १९२६ सालींही हिंदु संघच जिंकला. जें घडल्यास संघांत फूट पडेल, शिस्त मोडेल, असें समितीस दहा वर्षें वाटत होतें, तें घडलें आणि कांहींच मोडलें नाहीं. विठ्ठल यांनीं पुढें १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ या नांवानें आपल्या आठवणी मराठींत प्रसिद्ध केल्या. हें पुस्तक आज सहजासहजीं मिळत नाहीं. ज्या घरीं असेल, त्यांनीं तें जपून ठेवावें.

येथवर वाचून गाडींतल्या आमच्या स्नेह्यांस आनंद होईल. परंतु त्यांच्या बाजूनें सारेंच लिहितां येत नाहीं. ज्या लोकांनीं बाळूंच्या कर्णधारपदासाठीं आवाज केला, त्यांपैकीं कितीजणांनीं त्यांस आपल्या घरीं पाटावर बसवून जेवूं घातलें असतें? त्यांना बाळू हवे होते, कारण त्यांना साहेब हरलेला पाहावयाचा होता. विजयाची इच्छा ही न्यायाची बहीण नव्हे. फार तर शेजारीण म्हणतां येईल, आणि त्या दोघी कधीं कधीं एकाच वाटेनें चालतात इतकेंच. १९३७ सालीं मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकींत काँग्रेसनें बाळूंस डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभें केलें, डॉ. आंबेडकरांस १३,२४५ आणि बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. ज्यानें अस्पृश्यांचा प्रश्न मैदानाबाहेर, पाण्याच्या तळ्यावर आणि कायद्याच्या पुस्तकांत नेला, त्याच्यापुढें मैदानावरची कीर्ति अपुरी ठरली. यांत बाळूंचा अपमान नाहीं. एका सामन्याचा नियम दुसऱ्यास लागत नाहीं एवढेंच.

शिवाय हाच प्रेक्षक बिथरला म्हणजे काय करतो, हेंही सांगितलें पाहिजे. १९४५ सालीं कलकत्त्यास ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या सामन्यांतून इंदूरच्या मुश्ताक अलींस वगळलें, तेव्हां लोकांनीं निवड समितीचे दुलीपसिंहजी यांस घेरलें आणि मुश्ताक नाहीं तर सामना नाहीं अशी आरोळी ठोकली; मुश्ताक संघांत आले. मागणी रास्त होती, रीत धसमुसळी. पण १९७४ सालीं? तीन वर्षांपूर्वीं वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून आलेले अजित वाडेकर इंग्लंडांत तिन्ही सामने हरले, लॉर्ड्‌सवर संघ ४२ धांवांत गडगडला, आणि ज्या मुंबईनें त्यांची मिरवणूक काढली होती, त्याच मुंबईंत त्यांच्या घरावर दगड पडले. इंदुरास १९७१ च्या विजयाप्रीत्यर्थ उभारलेल्या भल्या मोठ्या बॅटीस काळें फासण्यांत आलें. वाडेकर यांस पुढें पश्चिम विभागाच्या संघांतूनही वगळण्यांत आलें, आणि त्यांनीं खेळ सोडला. १९२० सालच्या प्रेक्षकाजवळ वीस वर्षांचा धांवफलक होता. १९७४ सालच्या प्रेक्षकाजवळ एका उन्हाळ्याचा राग. दोघेही स्वतःला जाणकारच समजत होते. आमच्या डब्यांत या दोन्ही प्रकारचे लोक एकाच बाकावर बसतात, आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळदां ते एकाच अंगरख्यांत असतात.

त्या दिवशींच्या गाडीकडे परत येतों. नवले आणि नाऊमल यांचा खटला रंगांत असतांना गाडी विठ्ठलवाडीस थांबली. स्थानकाचें नांव पाहून आम्हीं दारांत लोंबकळणाऱ्या एका तरुणास सहज विचारलें, ‘पी. विठ्ठल कोण, ठाऊक आहे का?’ ‘त्यांच्या नांवानें स्टेशन आहे का हें?’ त्यानें उलट विचारलें. आम्हीं सांगितलें कीं, स्टेशन पंढरीच्या विठ्ठलाचें. हा विठ्ठल निराळा. आणि मग थोडक्यांत तीन रुपयांची नोकरी, मातीचें भांडें, ११४ गडी आणि १९२० सालचें पत्रक हें सारें त्यास सांगितलें. आयुधनिर्माणीचे गृहस्थ आणि सिंधी आजोबा आपला वाद थांबवून ऐकूं लागले.

तरुणानें हातांतला भ्रमणध्वनि खिशांत टाकला. ‘म्हणजे बाळूंना एकदांही पुरी कप्तानी नाहीं?’ तो म्हणाला. ‘मग समितींत होते तरी कोण?’

‘समितीचें राहूं द्या,’ सिंधी आजोबा म्हणाले, ‘पै बाहेर गेले तर परत आंत आलेच कशाला? आजारी होते ना? तंबूंतच पडून राहायचें!’

‘तसें कसें?’ निर्माणीचे गृहस्थ उसळले. ‘एक फलंदाज कमी झाला असता. त्यापेक्षां पहिल्याच सामन्याला विठ्ठलला कप्तान करायचा, देवधरांना तिसऱ्या क्रमांकावर ठेवायचें, आणि बाळूंना एका टोकानें न थांबवतां...’

गाडी कल्याणांत शिरली. आणखी चौघे चढले, आणि बाळूंनीं कोणत्या टोकानें गोलंदाजी करावयास हवी होती याविषयीं त्यांपैकीं एकाचें मत अगदींच निराळें पडलें.